लेखकाचा हात, राजाचे मत

वडवलीच्या ताम्रपटात एक घोडेस्वार आहे. देशावर छित्तुक्क नावाचा असुर उठला, सामंत त्याला जाऊन मिळाले, धर्म बुडाला, वडीलधारी माणसे गांजली, राज्याचे वैभव लयाला गेले. अशा वेळी कोवळ्या वयाचा राजा एकटाच घोड्यावर बसून रणात उतरला. दोन बाहू आणि एक तलवार, एवढीच त्याची सोबत. शत्रूला लढावे की पळावे ते सुचेना, आणि शेवटी त्याने म्लेच्छांचा आश्रय घेतला. ताम्रपट शके १०४९चा, म्हणजे इ. स. ११२७चा. राजाचे नाव अपरादित्य, उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातला.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा उरण तालुक्यात तलाठी होतो. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. बारावीनंतर नोकरी लागली आणि पुढची एकोणतीस वर्षे सातबारा, फेरफार, पीकपाहणी यांत गेली. माझ्या सजातल्या चाणजे आणि नागाव या गावांची नावे एका जुन्या गॅझेटिअरमध्ये शिलालेखाच्या संदर्भात सापडली, म्हणून उत्सुकतेने वाचायला घेतले आणि मग सुटका झाली नाही. संस्कृत चाळिशीत शिकलो, तेही रात्री, कोश आणि व्याकरणाचे पुस्तक शेजारी ठेवून. त्यामुळे या लेखात पंडिताचा अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मात्र दानपत्र कसे वाचायचे आणि त्यातला कुठला भाग मनावर घ्यायचा, हे मला माझ्या धंद्याने शिकवले आहे.

अपरादित्यावर मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, त्यात हा घोडेस्वार पुढे असतो. ते साहजिकही आहे. एकटा मुलगा, फितूर सामंत, बुडालेले राज्य, तलवार. याहून सोपी गोष्ट कोणती? पण दानपत्रातला हा भाग प्रशस्तीचा. जमिनीच्या कागदाला जोडलेली ती प्रस्तावना असते आणि ती लिहिणारा कवी राजाच्या पदरचा असतो. तिला खोटी म्हणू नये, पण मोजून घ्यावी. मोजून घेतली तर उरते ते असे: अपरादित्याच्या तरुणपणी उत्तर कोकण शिलाहारांच्या हातून काही काळ गेले होते, सरदारांनी बाजू बदलली होती, आणि ते राज्य त्याने परत मिळवले.

कोणी घेतले होते, याचे उत्तर दक्षिणेकडून येते. धारवाडजवळच्या नरेंद्र गावी इ. स. ११२५च्या सुमाराचा कोरीव लेख आहे. त्यात गोव्याचा कदंब राजा दुसरा जयकेशी याच्या ताब्यातल्या प्रदेशांची यादी आहे आणि तिच्यात कवडीद्वीप येते. कवडीद्वीप म्हणजे उत्तर कोकण. गंमत अशी की हे नाव बहुधा शिलाहारांच्या मूळपुरुषावरूनच पडले. तो कपर्दी, म्हणून प्रदेश कापर्दिकद्वीप, आणि बोलीत कवडीद्वीप. जिंकणाऱ्याने ज्याचे राज्य घेतले त्याच्याच नावाने आपल्या विजयाची नोंद केली. हा जयकेशी साधा मांडलिक नव्हता. कल्याणीचा चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याची मुलगी मैललदेवी त्याला दिलेली होती. त्याच्या आधीच्या पहिल्या जयकेशीनेही कापर्दिकद्वीपाच्या राजाला मारल्याचे कदंब सांगत. तेव्हा छित्तुक्क हा कदंबांचाच कोणी सेनापती असावा, हे वा. वि. मिराशी यांचे मत मला पटते. ११२५च्या सुमाराला कदंबांच्या यादीत असलेले कोकण ११२७ साली अपरादित्य दान देण्याच्या स्थितीत येतो इतपत त्याच्या हातात होते. मधल्या वर्षी, ११२६मध्ये, विक्रमादित्याचा मृत्यू झाला. जयकेशीच्या डोक्यावरचा सासऱ्याचा हात गेला. घोडेस्वाराच्या पराक्रमात या मृत्यूचा वाटा किती, हा प्रश्न प्रशस्तीच्या कवीने अर्थातच विचारला नाही.

आणि ते म्लेच्छ? तो शब्द वाचून पुढच्या शतकांतल्या लढाया डोळ्यांसमोर आणायचे कारण नाही. याच किनाऱ्यावर संजाणला, या प्रसंगाच्या दोनशे वर्षे आधी, राष्ट्रकूटांनी नेमलेला एक अरब अधिकारी कारभार पाहत होता. इ. स. ९२६च्या चिंचणी ताम्रपटात त्याचे नाव मधुमती असे येते, म्हणजे मुहम्मद. बंदरांत परदेशी व्यापाऱ्यांच्या वस्त्या होत्या आणि त्यांची जहाजे होती. हरलेला माणूस किनाऱ्यावर पळतो तेव्हा ज्याचे जहाज सुटत असेल त्याच्याकडे जातो, इतकाच त्या ओळीचा अर्थ मी लावतो.

शिलाहारांचे हे कोकण लेखांत पुरीप्रमुख चौदाशे गावांचे म्हटले जाते. घराणे आठशेच्या सुमाराला राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून पुढे आले. कान्हेरीच्या लेण्यांत त्यांच्या पहिल्या राजांचे लेख आहेत, अंबरनाथचे देऊळ त्यांच्याच काळातले. आपण मूळचे तगरपूरचे, म्हणजे आजच्या तेरचे, असे ते बिरुदात मिरवत, पण पोट समुद्रावर चाले. अपरादित्याच्या आधीच्या अनंतदेवाचा खारेपाटण ताम्रपट शके १०१६चा, म्हणजे अकराव्या शतकाच्या अगदी शेवटचा. त्यात जमीन दिलेली नाही. भाभण आणि धणाम या दोन श्रेष्ठी भावांना जकात माफ केली आहे. बंदरे सांगितली आहेत ती श्रीस्थानक, नागपूर, शूर्पारक, चेमुल्य. म्हणजे ठाणे, कोकणातलेच एक नागपूर, सोपारा आणि चौल. हे दोघे भाऊ नुसते व्यापारी नव्हते. एक महाअमात्य, दुसरा महासांधिविग्रहिक, म्हणजे तह आणि युद्ध पाहणारा मंत्री. व्यापारी घरातले दोन भाऊ राज्याची दोन मोठी खाती सांभाळतात आणि राजा त्यांची जकात सोडतो, यातून या राज्याची घडण जितकी कळते तितकी दहा प्रशस्तींतून कळत नाही. त्याच ताम्रपटात भाऊबंदकीमुळे कोकण उद्ध्वस्त झाल्याचे आणि अनंतदेवाने ते सावरल्याचेही आहे. म्हणजे छित्तुक्क ही पहिली आपत्ती नव्हती. दोन पिढ्यांत दोनदा राज्य हातचे गेले आणि दोनदा परत आले. हे ध्यानात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

राज्य सावरल्यावर अपरादित्याने काय केले? त्याचे नाव आज ज्याच्यामुळे टिकले ते वेगळेच आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवर त्याच्या नावाची एक प्रचंड टीका आहे. अर्क म्हणजे सूर्य, आदित्य म्हणजेही सूर्य, म्हणून पंडितांच्या परंपरेत तो अपरार्क. पुण्याच्या आनंदाश्रमाने ही टीका १९०३ आणि १९०४ साली दोन खंडांत छापली, ग्रंथावलीतला क्रमांक ४६. माझ्याकडचे खंड रद्दीच्या भावात मिळालेले आहेत. पहिल्याची पाठ गेलेली, दुसऱ्याला वाळवीने समासात रस्ते पाडलेले. ग्रंथाच्या समाप्तिलेखांत लेखक स्वतःला विद्याधरवंशातल्या जीमूतवाहनाच्या कुळातला शिलाहार राजा अपरादित्य म्हणवतो. गरुडासमोर नागाच्या जागी स्वतः शिळेवर बसलेला जीमूतवाहन हा शिलाहारांचा दंतकथेतला पूर्वज. (बंगालच्या दायभागाचा कर्ताही जीमूतवाहनच. नावाखेरीज दोघांचा संबंध नाही.)

टीका म्हटले तरी ग्रंथ टीकेत मावत नाही. स्मृतीतला एक श्लोक घ्यायचा आणि त्या विषयावर इतर स्मृती, गृह्यसूत्रे, पुराणे काय म्हणतात ते ओळीने मांडायचे, अशी पद्धत. कल्याणीच्या विज्ञानेश्वराने याच स्मृतीवर थोडेच आधी मिताक्षरा लिहिली होती. ती आटोपशीर, धारदार, आणि पुराणांचे उतारे तिच्यात अगदी थोडे. अपरार्क पुराणे भरभरून उद्धृत करतो. दानाच्या प्रकरणात तर तो थांबतच नाही. वाचताना माणूस दमतो, मीही दमलो. पण मिताक्षरेपुढे हा ग्रंथ फिका म्हणणे मला मान्य नाही. विज्ञानेश्वर युक्तिवाद करतो, अपरार्क पुरावा जमवतो. ज्याने कचेरीत काम केले आहे त्याला दुसऱ्याची किंमत कळते.

आता नेहमीचा प्रश्न. हे राजाने स्वतः लिहिले? राज्य करणारा, लढाया मारणारा माणूस इतके ग्रंथ धुंडाळत बसेल? पदरच्या पंडितांनी लिहिले आणि वर राजाचे नाव घातले, असे म्हणून बरेच जण विषय संपवतात. मीही बराच काळ तसेच समजत होतो.

त्याच अर्धशतकातली आणखी दोन राज्ये पाहिली की हे उत्तर अपुरे वाटू लागते. कल्याणीला धर्मशास्त्राचा ग्रंथ झाला तो विज्ञानेश्वराच्या नावावर. विक्रमादित्यासारख्या बलाढ्य सम्राटाने तो आपल्या नावावर घेतला नाही. कनोजचा राजा गोविंदचंद्र (इ. स. १११४ ते ११५४) याच्या पदरी कृत्यकल्पतरू हा त्याहूनही मोठा ग्रंथ तयार झाला, तो मंत्री लक्ष्मीधराच्या नावावर. म्हणजे राजाश्रयाने ग्रंथ झाला म्हणून तो राजाच्या नावावर जावाच, असा काही रिवाज नव्हता. ठाण्याच्या मांडलिक म्हणवणाऱ्या राजाने मात्र आपले नाव घातले. शिवाय एवढ्या एका ग्रंथावर नाही. भासर्वज्ञाच्या न्यायसारावर न्यायमुक्तावली नावाची जी टीका आहे, तीही अपरार्कदेवाचीच. न्यायशास्त्राच्या टीकेतून राजाला लौकिक मिळण्याजोगा नसतो. प्रजेला ती कळत नाही, शत्रूला तिची भीती वाटत नाही. ज्याला त्या शास्त्राची गोडी आहे तोच तिच्या वाटेला जातो.

पण मला या प्रश्नाचे उत्तर मिळाले ते ग्रंथात नाही, शिलाहारांच्या ताम्रपटांत मिळाले.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात, राजधर्माच्या प्रकरणात, जमीन दान दिल्यावर कागद कसा करावा हे सांगितले आहे. पुढे येणाऱ्या सज्जन राजांना कळावे म्हणून राजाने लेख करावा. कापडावर किंवा तांब्याच्या पत्र्यावर. त्यावर आपली मुद्रा असावी. आपले पूर्वज आणि आपण स्वतः यांची नावे, दानाचे प्रमाण, जमिनीच्या सीमा लिहाव्यात. राजाच्या हाताची खूण आणि काळ घालावा. हे नियम आणि शिलाहारांचा कुठलाही ताम्रपट शेजारी ठेवून पाहा. वंशावळ आहे, चतुःसीमा आहेत, शक-तिथी आहे, पत्रे ओवलेल्या कडीवर गरुडाची मुद्रा आहे. गाव दिले तर गवत, लाकूड आणि पाण्यासकट दिले, आणि त्यात चाटांनी, भटांनी, म्हणजे सरकारच्या शिपायाप्याद्यांनी, शिरायचे नाही असेही बजावलेले. हे वाचताना मला नेहमी ओशाळायला होते. नऊशे वर्षांपूर्वी असतो तर त्या गावात पाय ठेवायची मला परवानगी नसती.

तर, राजाच्या हाताची खूण. ती शिलाहार कशी घालतात? ताम्रपटाच्या शेवटी एक ठरलेले वाक्य येते. त्याचा आशय असा: शासन देणारा राजा लेखकाच्या हाताने आपले स्वतःचे मत नोंदवतो आहे. आणि मग राजाच्या नावाने, हे मला संमत आहे, इतकेच. अपरादित्याच्या शंभर वर्षे आधी, इ. स. १०२६चा छित्तराजाचा भांडुप ताम्रपट याच धाटणीने संपतो. घराण्याच्या दप्तराची ती पद्धतच होती.

लेखकाच्या हाताने स्वतःचे मत. हात एकाचा, मत दुसऱ्याचे, आणि दोन्ही गोष्टी उघड सांगितलेल्या. यात लपवाछपवी नाही. हे लोक लिहिणे आणि मत देणे या वेगवेगळ्या क्रिया मानत होते आणि दस्तऐवज ज्याचे मत त्याचा, असे धरत होते. आमच्याकडे फेरफार लिहितो तलाठी, प्रमाणित करतो मंडल अधिकारी. उद्या वाद झाला तर अक्षर कोणाचे हे कोणी विचारत नाही. माझी समजूत अशी की अपरार्काचा ग्रंथ असाच झाला. पुराणांच्या पोथ्या उलटणारे, उतारे काढणारे पंडित होतेच. त्याशिवाय एवढा संभार गोळा होत नाही. पण उतारे मांडून झाल्यावर कुठला नियम धरायचा आणि कुठला सोडायचा, हे ठरवणारा एकच आवाज त्या ग्रंथात आहे, आणि तो आवाज मिताक्षरेशी जागोजागी असहमत होतो.

त्यातली एक असहमती सांगतो, कारण तिच्याशी माझा नोकरीत संबंध आला. निपुत्रिक माणूस मेला, मागे बायको नाही, मुलगी नाही, मुलीचा मुलगा नाही, तर त्याची मिळकत आईबापांकडे जाते. आधी कोणाकडे? विज्ञानेश्वर म्हणतो, आईकडे. अपरार्क म्हणतो, बापाकडे. दोघांपुढे स्मृतीतला शब्द एकच आहे, निर्णय उलटे आहेत. असा निर्णय उतारे काढणाऱ्या पंडितांवर सोडता येत नाही. त्यावर राज्यातल्या वाटण्या ठरतात.

आता शेजारी हेही ठेवा. शके १०६०चा, म्हणजे इ. स. ११३८चा, अपरादित्याचा एक शिलालेख चाणज्याचा आहे. सूर्यग्रहणाच्या पर्वावर त्याने नागाव येथली बाग दान दिली, आपल्या आईला पुण्य लाभावे म्हणून. राज्याच्या उत्तरकाळातला, प्रौढ वयाचा राजा. कायद्यात आईला बापामागे ठेवणारा आणि आईसाठी बाग देणारा माणूस एकच. यात मला विसंगती दिसत नाही. नियम ठरवताना आपल्या घराकडे पाहायचे नसते, एवढे त्याला कळत होते असे म्हणता येईल. किंवा असेही म्हणता येईल की वारसाहक्काने जे दिले नाही ते त्याने दानाने दिले. नागावच्या वाड्यांतून मी पावसापाण्यात पुष्कळ हिंडलो आहे. नारळ, सुपारी, मधून पाट. कुठली ती बाग, असा विचार दर वेळी येई, आणि मग कोणीतरी बांधाची तक्रार घेऊन समोर उभे राही.

परत ताम्रपटाच्या नियमाकडे जातो. पुढे येणाऱ्या सज्जन राजांना कळावे म्हणून लेख करावा, असे स्मृती म्हणते. बहुतेक टीकाकारांना हे वाक्य सरळ होते. राजा जाणार, दुसरा येणार, दान टिकावे. पण ज्याच्या घराण्याचे राज्य दोनदा गेले, ज्याच्या गावांवर गोव्याचे अधिकारी बसून गेले, त्याने हे वाक्य कसे वाचले असेल? परकी सत्ता येते तेव्हा पहिला प्रश्न जमिनीच्या कागदाचा असतो. जुने दान नवा मालक मानील का? आणि मूळ मालक परत आला की मधल्या काळातल्या कागदांचे काय? हे प्रश्न अपरादित्यापुढे प्रत्यक्ष उभे राहिले असणार. दान, लेख, साक्ष, भोगवटा या प्रकरणांवर तो मैलोगणती पुरावे रचत जातो, त्यामागे पांडित्याच्या हौसेपेक्षा हे असावे, असा माझा तर्क आहे. तर्कच आहे. पण घोडेस्वाराची गोष्ट ज्यांना खरी मानायची असेल त्यांनी घोड्यावरून उतरल्यावर त्याच्यापुढे कुठला ढीग होता तेही पाहावे.

ग्रंथ तयार झाला आणि मग तो गेला कुठे, तर काश्मीरला.

याची हकिगत एका काश्मिरी कवीने ठेवली आहे. मंखाचे श्रीकंठचरित हे त्रिपुरदहनावरचे पंचवीस सर्गांचे महाकाव्य. शेवटच्या सर्गात त्याने पुराण बाजूला ठेवून आपल्या भावाच्या घरी भरलेली पंडितांची सभा वर्णिली. भाऊ अलंकार हा काश्मीरचा राजा जयसिंह याचा मंत्री. जयसिंह इ. स. ११२८ला गादीवर आला. सभेत मंखाचा गुरू रुय्यक होता, अलंकारशास्त्रातले मोठे नाव. त्या मंडळीत दोन परराज्यांचे दूत बसले होते. एक सुहल, कनोजच्या गोविंदचंद्राचा, म्हणजे ज्याचा मंत्री कृत्यकल्पतरू लिहिणारा लक्ष्मीधर, त्या राजाचा. दुसरा तेजकंठ. त्याला पाठवले होते कोकणाधिपती अपरादित्याने.

ठाण्याहून श्रीनगर. वाटेत सिद्धराज जयसिंहाचा गुजरात, वाळवंट, पंजाबची मैदाने आणि शेवटी हिमालयाच्या खिंडी. कोकणच्या राजाला काश्मीरशी युद्ध करायचे नव्हते, तहही करायचा नव्हता, सोयरीकही नव्हती. मग दूत कशाला? मला इथे न्यायमुक्तावली आठवते. भासर्वज्ञ काश्मीरचा मानला जातो. म्हणजे अपरादित्याने ज्या ग्रंथावर टीका लिहिली तो ग्रंथच काश्मीरकडचा. विद्येची ही ये-जा आधीपासून चालू होती आणि तेजकंठ त्या वाटेने उलट गेला. काश्मीर तेव्हा पंडितांचे पीठ होते. आपला ग्रंथ तिथे मान्य झाला की भारतभर मान्य झाला, असा हिशेब असणार.

आणि तो मान्य झाला. जॉर्ज ब्यूलर १८७५ साली हस्तलिखितांच्या शोधात काश्मीरला गेला. त्याआधी मुंबई इलाख्यासाठी हिंदू कायद्याचा संग्रह तयार करणाऱ्या दोघांत हाच एक होता. काश्मीरच्या पंडितांचा धर्मशास्त्रातला प्रमाणग्रंथ अपरार्क आहे, हे त्याच्या ध्यानात आले. तेजकंठाच्या प्रवासाला तोवर सव्वासातशेहून अधिक वर्षे झाली होती. सभा भरवणारा मंत्री, त्याचा राजा, ठाण्याचे राज्य, सगळे विरून गेले होते. दूताने नेलेले पुस्तक वापरात होते.

या सभेमुळे दुसराही एक गुंता सुटतो. शिलाहारांत अपरादित्य दोन झाले. दुसऱ्याचे लेख लोनाडचा इ. स. ११८४चा आणि परळचा ११८७चा. परळच्या दगडावर दान मोडणाऱ्याला मराठीत दिलेली शिवी आहे आणि खाली तिचे चित्रही, म्हणून तो जास्त प्रसिद्ध. एकेकाळी काही अभ्यासकांनी ग्रंथकर्तेपण या दुसऱ्याला दिले होते. पण जयसिंहाच्या काळात दूत पाठवणारा अपरादित्य पहिलाच असू शकतो. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात, १९३० साली, काळाचा हा सगळा खल केला आणि पहिल्याकडे निर्णय दिला. काणे चिपळूणजवळ जन्मलेले, दापोलीत वाढलेले. त्यांनी तो खंड लिहिला तेव्हा अपरादित्याच्या राज्याचा एक मोठा पुरावा अभ्यासकांसमोर आलेला नव्हता, आणि तो निघायचा होता नेमका दापोली तालुक्यातून. पन्हाळेकाजीचा ताम्रपट शके १०६१चा, म्हणजे इ. स. ११३९चा. त्यात अपरादित्याचा मुलगा विक्रमादित्य प्रणालक विषयावर राज्य करताना दिसतो. प्रणालक म्हणजे पन्हाळे, कोटजाई नदीकाठचे, लेण्यांचे गाव. ज्या कदंबांनी उत्तर कोकण घेतले होते त्यांच्या दिशेने अपरादित्य इतका दक्षिणेला सरकला होता आणि तिथे त्याने मुलगा बसवला होता. म. न. देशपांडे यांनी या ताम्रपटाचा आणि लेण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला.

यानंतर अपरादित्य लेखांतून नाहीसा होतो. पुढचे लवकर सांगता येते. हरिपालदेव आला, मग मल्लिकार्जुन. गुजरातच्या कुमारपालाने अंबड नावाच्या मंत्र्याला पाठवून मल्लिकार्जुनाला मारवले, असे तिकडचे प्रबंध सांगतात. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात देवगिरीच्या महादेव यादवाने शेवटच्या सोमेश्वराला समुद्रावर गाठले. बोरिवलीजवळ एकसरला जहाजांची लढाई कोरलेले वीरगळ आहेत, ते पुष्कळदा याच युद्धाशी जोडले जातात.

अपरार्क ग्रंथाचे कोकणात काय झाले, हे मात्र थोडे थांबून सांगण्याजोगे आहे. मुंबईच्या उच्च न्यायालयाने इलाख्यासाठी मिताक्षरा प्रमाण धरली. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण एवढ्या भागात मिताक्षरेवर वरचढ ठरवला तो व्यवहारमयूख, नीलकंठभट्टांचा, सतराव्या शतकातला. नीलकंठ काशीला राहत, घराणे मूळचे पैठणचे. म्हणजे उत्तर कोकणच्या राजाने लिहिलेला कायदा काश्मिरात, आणि उत्तर कोकणात काशीचा. पण मयूखाचे एक मत पाहा. निपुत्रिकाची मिळकत आधी बापाला, मग आईला. शिलाहारांच्या चौदाशे गावांत अपरादित्याचा निर्णय असा नीलकंठभट्टांच्या हाताने परत आला आणि इंग्रजी अमदानीत चालू राहिला.

१९५६ साली हिंदू वारसा कायदा झाला. त्यात आई पहिल्या वर्गाची वारस, बाप दुसऱ्या वर्गाचा. या एका मुद्द्यावर विज्ञानेश्वर जिंकला.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत नागावच्या एका वाडीचा फेरफार मी लिहिला. मुलगा अविवाहित, अपघातात गेलेला, वाडी त्याने स्वतःच्या कमाईने घेतलेली. आईबाप दोघेही कचेरीत आले होते. वारस म्हणून नाव एकट्या आईचे लागणार, हे मी सांगितले तेव्हा बाप म्हणाला, "लावा की. पाणी तीच घालते." आईने काही म्हटले नाही. मी सीमा लिहिल्या, पूर्वेला पाट, पश्चिमेला गावठाणाचा रस्ता, आणि तिच्या नावाखाली तिचा अंगठा घेतला.